वेल्डनने दोनदा मिळवलेला तास

फाइव्ह आयलंड्सच्या किनाऱ्यावर वेल्डन फुल्मरइतका ओहोटीचा जाणकार दुसरा नाही, असं खुद्द वेल्डन फुल्मरचं मत. चाळीस वर्षं तो चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरतोय. भरतीनं कुणाला पळवलं, कुणाचे बूट चिखलानं ठेवून घेतले, सगळं त्याच्या जिभेवर. एकदा चिखलात ट्रक रुतवून बसलेल्या पाद्रीबुवांचीही त्यानं गावभर टर उडवली होती.

सप्टेंबरातली पौर्णिमा काल झालेली. सकाळी उधाणाच्या ओहोटीला समुद्र असा हटला होता की मैलभर लाल चिखल उघडा. पार टोकाला वेल्डन आणि त्याची बायको अल्व्हिना वाकून खणत होती. पश्चिमेला पांढराफटक चंद्र डोंगरावर टेकला.

"वेल्डन, चंद्र टेकला. पाणी वळलं असणार. चल."

"तक्त्याप्रमाणे पाणी आठ पन्नासला वळतं. अजून तास आहे चांगला. चंद्राकडे कुठलं घड्याळ?"

"घड्याळ नसेल, अक्कल आहे."

आता गंमत अशी, की भरतीच्या छापील तक्त्यात बारा महिने हिवाळी वेळ असते. मार्च ते नोव्हेंबर इथली घड्याळं तासभर पुढे लावलेली, म्हणून जो तो एक तास मिळवून घेतो. वेल्डननं तो आदल्या दिवशी पेन्सिलीनं मिळवून ठेवला होता. आणि सकाळी चहा पिताना पुन्हा मिळवला.

थोड्या वेळानं चिखलातली तिसऱ्यांची भोकं पाणी शिरून बुडबुडू लागली. अल्व्हिनानं वळून पाहिलं. इथला समुद्र समोरून येत नाही, आधी पाठीमागे जाऊन बसतो. किनारा आणि ती दोघं यांच्यामधला ओहोळ भरत होता.

वेल्डननं दोन्ही टोपल्या उचलल्या.

"टाक त्या!"

"भरलेल्या आहेत गं!"

"मग त्यांच्याशीच संसार कर. मी निघाले!"

टोपल्या गेल्या. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. मधोमध वेल्डनचा अधू गुडघा दुमडला. अल्व्हिनानं त्याची कॉलर धरली आणि हट्टी वासरू ओढावं तसं ओढत त्याला काठावर आणून टाकलं.

अल्व्हिनानं बूट उलटे करून पाणी ओतलं. मग तिनं विचारलं, "तास किती वेळा मिळवलास?"

"पेन्सिलीनं एकदा."

"आणि?"

"...चहाबरोबर एकदा."

ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. पण वेल्डनचं लक्ष नव्हतं. गुडघा सुजलेला, घरी जायच्या दरडीवरच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून तो नुसता बघत बसला होता. चाळीस वर्षांत त्यानं पुरती भरती कधी बघितलीच नव्हती. पाणी चढू लागलं की तो घरी, तिसऱ्या धुवायला. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे उघडा पडलेला चिखल.

लाट नाही, गर्जना नाही. अख्खा समुद्र गुपचूप वर येत होता. ओहोळ बुडाला. दोन पुरुष उंचीचा खडक बुडाला. दुपारपर्यंत, सकाळी ती दोघं उभी होती त्या जागेवर चार मजली घर उभंच्या उभं बुडेल एवढं पाणी होतं.

"अल्व्हिना, चंद्र कुठे असेल गं आता?"

"पायाखाली कुठेतरी. पृथ्वीच्या पलीकडे."

"आणि तिथून हे एवढं हलवतोय?" वेल्डननं नकळत टोपी काढली.

"चल आता. कपडेही वाळले. मला गावभर सांगायचंय."

"सांग, सांग. पाद्रीबुवांना आधी सांग," तो पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. "पण जरा बस. पुरतं भरू दे."