गौलीगुड्यातला इंग्रज

मामांचा फोन आला, "शनिवारी ये गं. आपल्या मंडळात आर्थर साहेबाचा सत्कार आहे. यंदा सगळ्यांसमोर सांगून टाकतो." काय सांगणार ते मला ठाऊक होतं. मी नांदेडहून सकाळची गाडी पकडली.

आधी आर्थर साहेब कोण ते सांगते. हा खराखुरा इंग्रज. वीसेक वर्षांपूर्वी ध्यानधारणा शिकायला हैदराबादेत आला आणि साहेबी टोपी डोक्यावर नीट बसते एवढ्या गुणावर तेलुगू सिनेमात कलेक्टर झाला. तेव्हापासून तो कलेक्टर तरी असतो, नाहीतर जनरल. मध्यंतरापर्यंत चाबूक मारतो, मध्यंतरानंतर मरतो. कधी घोड्याखाली, कधी तोफेच्या तोंडी. एकदा तर नायिकेच्या नुसत्या थपडेनं गेला. अभिनय म्हणाल तर डोळे वटारतो. बाकीचं काम आवाज करतो, आणि तो आवाज माझ्या मामांचा आहे.

मामा निवृत्त मास्तर. घराण्याच्या तीन पिढ्या हैदराबादच्या गौलीगुड्यात गेल्या, तरी त्यांचं तेलुगू मराठीच्या ठेचा खातच चालतं. डबिंगच्या खोलीत त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला होता, इंग्रज अस्साच बोलतो. पडद्यावर मामांचं नाव मात्र एकदाही आलं नाही.

सिकंदराबादला उतरल्यावर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका. मेट्रो घ्या, परेड ग्राउंडला गाडी बदला आणि सुलतान बाजारला उतरा. तिथून गौलीगुडा चालत जाता येतं. वाटेत कापडाच्या दुकानांकडे बघितलंत तर अंतर आणि खर्च दोन्ही वाढतात. वाटेत इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घ्या. मामींच्या हातची आंबाडीची भाजी तुम्हाला मिळणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

मामी इस्त्रीचा सदरा काढत म्हणाल्या, "परेशान नका होऊ. लोक हसले तर लाइट घ्यायचं."

"कशाला हसतील?" मामा म्हणाले. पण सदऱ्याची गुंडी त्यांनी दोनदा चुकीच्या काजात घातली.

संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. साहेबाला शाल, श्रीफळ आणि हार मिळाला. मग लोक ओरडले, "डायलॉग, डायलॉग!" तोच, आभाळसुद्धा माझ्या हुकमानं निळं आहे, असं तो तेलुगूत गरजतो तो. साहेबानं घसा साफ केला आणि बारीक, प्रेमळ आवाजात डायलॉग म्हटला. दवाखान्यात पुढचा नंबर पुकारावा तसा.

अध्यक्ष म्हणाले, "माइक खराब आहे." माइक बदलला. आवाज तोच. तिसरा माइक आणायला माणूस धावला तेव्हा माझ्या शेजारून मामा उठले आणि माइकशिवाय गरजले. पुढच्या रांगेतलं तान्हं मूल रडायला लागलं. टाळ्या थांबेनात.

अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, "वाह! आमच्या जुन्या सभासदानं साहेबांची काय हुबेहूब नक्कल केली!"

मामा खरं सांगायला तोंड उघडतात तोच टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. मला अध्यक्षांच्या डोक्यात ते श्रीफळ फोडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

साहेब मात्र मामांकडे बघत होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "नक्कल नहीं. नक्कल मैं करता. ये असली."

लोक भारावले. "किती नम्र माणूस," माझ्यामागच्या बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी साहेबाच्या गळ्यात आणखी एक हार घातला. मामा खाली बसले.

सकाळी दार वाजलं. दारात साहेब, हातात बिस्किटांचा पुडा. कुठेही सत्काराला गेलो की लोक माइक बदलतात, म्हणाला. आवाज शिकवाल का? मामांनी त्याला खुर्ची दिली, छडीसारखी फूटपट्टी हातात घेतली आणि तासभर डायलॉग घोकून घेतला. "हौ, पण असं नक्को," ते शेवटी वैतागून म्हणाले, "जरा इंग्रजासारखं बोला की." मामी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होत्या.

नांदेडला परतल्यावर एका रविवारी टीव्हीवर तेलुगूत साहेब लागला होता. चाबूक, टोपी, सगळं जिथल्या तिथं. नवरा म्हणाला, "काय अस्सल इंग्रज आहे." मी सुरुवातीची नावांची पाटी शेवटापर्यंत वाचली होती, घोड्यांच्या मालकाचंही नाव होतं, मामांचं नव्हतं. मी नवऱ्याकडून रिमोट घेतला, आवाज वाढवला आणि उरलेला सिनेमा डोळे मिटून पाहिला.