मदिनेची वाटणी आणि माझा रिकामा डबा

डब्लिनपासून तीन-चार तासांवरच्या लेटरकेनीला हॉस्पिटलच्या नोकरीसाठी आलो तेव्हा सुरुवातीचे काही महिने माझ्या गाडीच्या डिकीत स्टीलचा एक रिकामा डबा असायचा. चिपळूणहून निघताना अम्मीने त्यात सांदणं भरून दिली होती, ती विमानातच संपली. डबा मात्र मी दर शुक्रवारी घासूनपुसून डिकीत ठेवायचो. जुम्याच्या नमाजनंतर कुणीतरी म्हणेल, चला घरी जेवायला, आणि निघताना कुणाची तरी भाभी उरलेली बिर्याणी डब्यात भरून देईल, अशी माझी योजना. माणसाने आशा जरूर धरावी, पण सोबत डबा धरू नये.

आम्हाला मशीद नव्हती, भाड्याचा हॉल होता. बॅडमिंटनच्या रेषांवर चटया अंथरायच्या आणि नमाजनंतर गुंडाळायच्या. खुतबा, म्हणजे जुम्याचं प्रवचन, द्यायचे एक ज्येष्ठ डॉक्टर, मूळचे लाहोरचे, सगळं आयुष्य इथेच गेलेलं. भेटले की विचारायचे, "बेटा, कैसे हो?" मी छाती काढून सांगायचो, "ग्रँड, सर! एकदम ग्रँड!" हॉस्पिटलात ऐकून ऐकून लागलेली सवय. इथे पाय मोडून आलेला पेशंटही ग्रँडच असतो. मग मी आणखी वाढवून सांगायचो, गाडी घेतली, घर मिळालं, सगळं सेट. घरी जाऊन सिंकपाशी उभ्याने ब्रेड खायचो, ते सांगायचं राहून जायचं.

एका शुक्रवारी ते हिजरतीबद्दल बोलले. मक्केतली घरंदारं मागे टाकून लोक मदिनेला आले, पाठ टेकायला जागा नाही. तेव्हा पैगंबरसाहेबांनी आलेल्या एकेकाला मदिनेतल्या एकेका माणसाशी जोडून दिलं, हा तुझा भाऊ म्हणून. त्यातला एक यजमान आपल्या भावाला म्हणाला, माझ्याकडे जे आहे त्यातलं अर्धं तुझं. पाहुणा म्हणाला, अल्ला तुला बरकत देवो, मला फक्त बाजार कुठे आहे तेवढं दाखव.

गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी मात्र ती माझ्या जेवणाबद्दल आहे असं वाटायला लागलं.

नमाजनंतर सर म्हणाले, "आपणही असंच करू या. नवीन आलेले डावीकडे, जुने उजवीकडे." मी चेहरा जमेल तितका पोरका करून डावीकडे सरकलो.

"अरे बेटा, तुम उधर कहाँ? तुम तो ग्रँड हो!"

दंडाला धरून त्यांनी मला उजवीकडे उभं केलं आणि सुदानहून नुकत्याच आलेल्या एका उंच डॉक्टरचा हात माझ्या हातात दिला. जेवायला निघालेला मी यजमान होऊन, त्याला राहायला घेऊन परतलो.

आता यजमान तर यजमान. स्वयंपाकघरातल्या प्रेसचे, म्हणजे कपाटाचे, दोन खण रिकामे केले. कांदेसुद्धा अर्धे त्याच्या खणात ठेवले. भात लावला, तो खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. तो त्याच्यापुढे ठेवून मी ऐटीत म्हणालो, "या घरातलं अर्धं तुझं."

त्याने भाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, मला फक्त बाजार दाखव."

दोघंही इतके हसलो की ठसका लागला. दुकान दाखवलं. त्यानंतर रोज तोच शिजवायचा, मी भांडी घासायचो, आणि सिंकपाशी उभं राहून खाणं बंद झालं.

जुलैत त्याला दूर मलिंगारच्या हॉस्पिटलात पोस्ट मिळाली, बायकोही आली. ईदला फोन येतो. त्याचे दोन खण मी परत भरले नाहीत. आणि मी पुन्हा सिंकपाशी.

नवी माणसं आली तशी सरांनी पुन्हा वाटणी काढली. मी मुकाट्याने डावीकडे जाऊन उभा राहिलो.

"बेटा, फिर उधर?"

"सर, मी ग्रँड नाहीये."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी बाकीच्यांच्या जोड्या लावल्या. मी एकटा उरलो. मग चटई गुंडाळत ते म्हणाले, "चलो, मेरे घर."

घर मोठं होतं, आणि गार. बेगम जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं डब्लिनला. डायनिंग टेबलाच्या एकाच खुर्चीची गादी बसून बसून दबलेली. सरांनी ब्रेड आणि अंडी काढली. "मुझे बस अंडा ही आता है," ते म्हणाले. दुसरी खुर्ची ओढायच्या आधी त्यांना तिच्यावरची वर्तमानपत्रं उचलावी लागली. आम्ही समोरासमोर बसून खाल्लं. निघताना डब्याची आठवणही झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी तो डबा पहिल्यांदाच भरून सरांकडे नेला. डाळ-भात. भात अर्थातच खालून करपलेला. सरांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"कसा झालाय, सर?"

"ग्रँड," ते म्हणाले, आणि आणखी वाढून घेतला.