न्यूमोनियावाल्या आपा

आमच्या वॉर्डातल्या सिस्टर आपांना पदव्यांचं अजिबात कौतुक नव्हतं. हातातल्या घड्याळावर त्या पेशंटचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायच्या, आणि तोवर वॉर्डात कुणी तोंड उघडायचं नाही. एकदा खुद्द मोठे सर राउंडला बोलत आले. "साहेब, गिनती चुकली माझी. आता चूप बसा," असं म्हणून आपांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. सर बसले चूप.

आम्ही नवे डॉक्टर मात्र केसपेपरवर न बघताच 'श्वास वीस' लिहायचो. आपा कागद नाचवत विचारायच्या, "सगळ्या औरंगाबादचे वीसच? माणसं काय कारखान्यात बनवली का रे?"

एकदा पैठणहून एक म्हातारबा आले. ताप नाही, खोकला जेमतेम. सकाळपासून सुनेला बहिणीच्या नावानं हाका मारत होते एवढंच. "वय झालं," म्हणत मी गोळ्या लिहून त्यांना वाटेला लावत होतो. आपांनी मोजलं. "चौतीस! ताप नाय म्हणून खूश झाला व्हय? म्हाताऱ्यांना येतोच असं नाय. हे डोकं छातीनं फिरवलंय." एक्सरे काढला, तर उजवं फुप्फुस न्यूमोनियानं अर्धं पांढरं. म्हातारबा चार दिवस ऑक्सिजनवर होते. पाचव्या दिवशी त्यांनी सुनेला अचूक नावानं हाक मारली आणि चहा पुळचट झाल्याबद्दल झापलं.

याउलट शेंद्र्याच्या एका धडधाकट पोराचे नातेवाईक सलाइनसाठी अडून बसले, तेव्हा त्यांनाही आपांनीच हाकललं. "न्यूमोनिया हाय, पण हलका हाय. पोरगं जेवतंय, चालतंय. गोळ्या घ्या, घरी जा, तीन दिवसांनी तोंड दाखवा. खारं पाणी प्यायचंच असंल तर घरी वरण करा."

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी आपा स्वतःच न्यूमोनिया घेऊन माझ्या वॉर्डात आल्या. मी घाबरलो. सापडेल तितकं जालीम इंजेक्शन दहा दिवसांसाठी लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला, श्वास शांत झाला, त्या बिर्याणी मागू लागल्या. तरी मी इंजेक्शन सोडेना. शेवटी त्यांनी जवळ बोलावलं. "खरं सांग डॉक्टर, हे औषध माझ्या छातीला देतोस की तुझ्या भीतीला?"

मी गोळ्या लिहिल्या, त्यांना घरी सोडलं. एकूण पाच दिवस भरले, औषध बंद. सहाव्या दिवशी धीर धरवेना, म्हणून सकाळीच फोन केला. लेकीनं उचलला.

"आपा कशा आहेत?"

"अम्मी? थांबा हं, शेजारणीशी भांडून झालं की देते."