बावखल बुजवलं ती सकाळ

शेजारच्या प्लॉटवर डंपर रिकामा झाला. ओल्या मातीचा वास खिडकीतून आला आणि मला बावीस वर्षांपूर्वीची सकाळ आठवली.

आमच्या वसईच्या घरापुढे तेव्हा बावखल होतं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं जुनं छोटं तळं. लेक तीन वर्षांची होती. दोनदा मी तिला काठावरून उचलून आणलं होतं. म्हणून अंगणाच्या कामांची यादी केली, तेव्हा पहिलं काम लिहिलं ते बावखल बुजवण्याचं. त्यानंतर फरशी, मग कुंपण.

"बाय, पोरीला पोहायला शिकवतो ना मी. माझी सगळी पोरं यातच शिकली," सासरे म्हणाले.

"या गुडघ्यांनी?" मी विचारलं.

डंपर यायचा त्या सकाळी ते बादली घेऊन पाण्यात उतरले आणि मासे धरून विहिरीत सोडू लागले. लेक चिखलाने माखून त्यांच्यामागे पळत होती. "आजोबा, अजून आहेत," ती सांगत होती. मी घड्याळ बघत होते. डंपर आला, तशी दोघांना हाक मारून बाहेर काढलं.

आता सासरे नाहीत. दर पावसाळ्यात त्या फरशीवर पाणी चढतं, कारण त्याला जायला जागाच उरलेली नाही. गेल्या पावसाळ्यात लेक ऑफिसला निघाली आणि पायरीवरच थबकली. पाणी पोटरीइतकंच होतं. मी हात पुढे केला. लहानपणी पाण्याकडे धावणारी माझी पोर तो घट्ट धरून, डोळे मिटून आमचंच अंगण ओलांडत होती.