गोठ्यातला विलायती पेला

नव्वदच्या आसपास मला जुन्या विलायती पेल्यांचं वेड लागलं. गोरे साहेब धुळ्याहून केव्हाच गेले, त्यांचे दारूचे पेले मात्र भंगारवाल्यांकडे फिरत राहिले. मी देवपुरात मास्तर. सुट्टीच्या दिवशी भंगारात हात काळे करायचे, पेला पालथा करून बुडाखाली अंगठा फिरवायचा. खरखरीत वण लागला की समजायचं, फुंकून केलेला, जुना. बायको म्हणायची, "दारूचे पेले कपाटात मांडता आणि पिता चहा. लोक काय म्हणतील?"

सगळ्यांत सुंदर पेला सोनगीरजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे मिळाला. माझे वडील, आबा, त्याच घरी जन्मभर सालाच्या बोलीवर राबणारे सालदार होते. आमच्या जातीला त्या घराचा उंबरा वर्ज्य होता. मी मात्र पुढच्या दाराने गेलो, खुर्चीवर बसलो. मालकाने गोठ्यातून पेला आणून दिला. "लई जाय मास्तर, आमले काय कामना?" आखूड जाड दांडी, तिच्यात अडकलेला हवेचा थेंब, काठाला एक टवका. मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे आई गेली आणि आबांना मी घरी आणलं. माझी एकच इच्छा होती, त्यांनी माझ्या घरात, आमच्यात बसून पाणी प्यावं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं, नेमका तोच पेला काढला आणि बाहेर पायरीवर जाऊन उकिडवे बसले.

"पानी वत माय, वरथून," ते सुनेला म्हणाले.

"आबा, घरमा या. घर आपलंच शे," मी म्हणालो.

"हाऊ मना गिलास शे. सालदारना. घरना भांडाले हात लावाना नही."

दारूचं भांडं म्हणून मालकाच्या घरात कुणी ज्याला शिवलं नाही, ते गोठ्यात आबांच्या वाट्याला आलं होतं. पिताना त्यांनी न बघता पेला फिरवून टवका ओठांपासून दूर केला. मला जीव नकोसा झाला.

मी समजावलं, चिडलो, त्यांच्या पायाशी बसून रडलो. स्टीलचा पेला पुढे केला की ते हात जोडायचे. सगळी काच फोडून टाकावीशी वाटायची, पण मग ते पाणी कशातून प्यायले असते? पिऊन झालं की पेला विसळून पायरीच्या कडेला पालथा घालायचे.

शेवटच्या दिवशी ते आत खाटेवर होते. तुळशीचं पान घालून मी चमच्याने पाणी धरलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बघितलं. मी बाहेर जाऊन पेला आणला. मग त्यांनी तोंड उघडलं.

माझ्या घरात ते प्यायले ते तेवढंच पाणी.