वडिलांच्या रकान्यात अडकलेली माया

“वडील फॉरिनर, म्हणजे मूल फॉरिनर.” नंजुंडय्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

नंजुंडय्या म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणारे क्लार्क. मी वकिली सुरू करून जेमतेम दोन वर्षं झालेली. माझी अशील प्राजक्ता मूळची पुण्याची, मल्लेश्वरमला कॉलेजात शिकवायची. नवरा नील्स डॅनिश, आनेकलजवळच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांची मुलगी माया कोपनहेगनला जन्मली, ती नेमकी कायदा बदलायच्या चार महिने आधी. तोवर परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व आपोआप मिळायचं ते फक्त वडिलांकडून. बदलानंतर आईकडूनही मिळू लागलं. मायासाठी उरलं रजिस्ट्रेशन, म्हणजे अर्ज करून नागरिकत्व मागणं.

तिघं कायमची इथेच राहणार होती. मायाचा डॅनिश पासपोर्ट सोडायला नील्स तयार होता. पण नागरिकत्व मिळेपर्यंत तिची इथे राहण्याची परवानगी दर वर्षी वाढवून घ्यावी लागे, आणि या खेपेला अधिकाऱ्याने बजावलं होतं, “पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.”

“ताई, माझ्याच घरात राहायला माझ्या लेकीला परवानगी कसली?” प्राजक्ता चिडून म्हणायची.

मी नंजुंडय्यांशी तावातावाने भांडले. ते शांतपणे फॉर्मवर बोट ठेवायचे. “रकाना वडिलांच्या राष्ट्रीयत्वाचा आहे, मेडम. आईचा कुठंय?” असे तीन खेटे झाले.

शेवटी माझ्या सीनियरना सांगितलं. ते म्हणाले, “भांडतेस कशाला? हरकत लेखी माग.” म्हणजे अर्ज कुठल्या कलमाखाली नाकारला, ते नंजुंडय्यांनी लिहून खाली सही करायची.

चौथ्या वेळी मी कोरा कागद पुढे केला. “सर, एवढं लिहून द्या. मी निघते.”

कलमाचा नंबर हवा म्हणून त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागले. भारतीय नागरिक असलेल्या ‘पर्सन्स’ची अल्पवयीन मुलं... ते थांबले. पुन्हा वाचलं. मग मायाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या प्राजक्ताकडे बघितलं.

“इथे ‘फादर’ नाहीच की हो! ‘पर्सन्स’ आहे.”

“आणि या पर्सनच आहेत, सर.”

ते खो खो हसले. “सरी, सरी,” म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं, बरं’. “अम्मासुद्धा पर्सन!”

मग त्यांनी स्वतःच टिपण टाइप केलं: ‘अर्जदाराची आई ही कायद्याच्या अर्थाने व्यक्ती आहे.’ फाइल उचलून तेच साहेबांकडे गेले. साहेबांनी मान वर न करता सही केली.

पुढे पोलीस चौकशी झाली, दोनदा स्मरणपत्रं पाठवावी लागली. अर्ज विचाराधीन आहे म्हणून परवानगीही एकदा वाढवून मिळाली. ती संपायच्या आत सर्टिफिकेट आलं. प्राजक्ताने ते माझ्या टेबलावर उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

फॉर्म छापणारा आणि कायदा लिहिणारा एकमेकांना भेटलेले असतातच असं नाही. तेव्हापासून मी फॉर्म नंतर भरते, कायदा आधी वाचते.