काचेवरची रुई

आमच्या गल्लीतला, लग्नांचं शूटिंग करणारा पोरगा डोळ्यांसमोर लाकडी चौकट धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "काका, हलू नका. उजेड बसू द्या."

त्या चौकटीत आमच्याच लूमचं सूत उभं-आडवं ताणलेलं असे. इटलीतले जुने चित्रकार अशा जाळीतून बघून चित्रं काढत, हे त्यानेच मला सांगितलं. भिवंडीत तुम्ही त्याला असं उभं पाहिलं असेल, तर हसला असाल. मीही हसलो होतो.

अंजूरच्या वाटेवरचा माझा पॉवरलूमचा कारखाना तेव्हा बंद झाला होता. जागेवर गोदाम येणार होतं. त्याआधी त्याला तिथे सिनेमा करायचा होता. गोष्ट नाही, गाणं नाही. जुन्या चित्रांतल्यासारखी माणसं एका बाजूच्या उजेडात बसणार आणि कॅमेरा नुसता बघत राहणार.

"हीरो कोण?" मी विचारलं.

"उजेड."

"फिर उसको बिठाओ," आमचे सर्वांत जुने कारागीर चाचा म्हणाले, "हमको चाय पिलाओ."

शेवटच्या दिवशी चाचांचा चेहरा तेवढा घ्यायचा राहिला होता. शूटिंग म्हणजे घरचं कार्यच. मी सकाळीच शिडी लावून छपरातल्या काचा धुतल्या. मागांवरून उडालेली वर्षानुवर्षांची कापसाची रुई बसली होती त्यांवर. दुपारी त्याने येऊन कॅमेरा स्टँडवर लावला, तेव्हा ऊन थेट चाचांच्या कपाळावर आदळत होतं.

"काका, रुई?"

"काढली! कशी चकाचक केली बघ."

तो खालीच बसला. ती रुईच उजेड गाळून देत होती. त्याने काचांखाली कापड ताणून पाहिलं. उजेड मेल्यासारखा पडला. दुसऱ्या दिवशी छप्पर उतरणार होतं.

"असू दे, काका," तो म्हणाला आणि कॅमेरा आवरू लागला.

पुढे नाक्यावर कुणी विचारलं, "शेठ, त्या पिक्चरचं काय झालं?" की मी म्हणायचो, "सोडला अर्ध्यात. न्हाय जमलं त्याला." तो शेजारीच चहा पीत असला, तरी. लोक त्याला 'अर्धा पिक्चर' म्हणू लागले. नंतर तो लग्नाच्या, हळदीच्या शूटिंगलाच जात राहिला. चौकट पुन्हा दिसली नाही.

यंदा तो गेला. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या बायकोने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला. सिनेमा पुरा होता. शेवटी चाचा होते, उन्हाने डोळे बारीक केलेले, गालावर पाणी. त्या दुपारी कॅमेरा चालू होता, हे मला कळलंच नव्हतं; तो जराही हलत नव्हता. चाचांच्या मागे, खांद्यावर ओला फडका टाकून, शाबासकीची वाट बघत मी हसत उभा होतो.

"हा कुणाला दाखवला का नाही त्याने?"

"मीपण विचारायची," ती म्हणाली. "म्हणायचे, काचा धुवून काका फार खूश दिसतात त्यात. लोक हसतील त्यांना. राहू दे."